साडेपंधरा इंचांची सीट

मास्तरांना माणूस दिसत नसे, माप दिसे. रस्त्यानं कुणी आलं की मनात आकडे पडलेच: छाती बेचाळीस, खांदा साडेअठरा, डावा हात अर्धा इंच लांब. तीस वर्षं एकाच स्टुलावर बसून कपडे शिवलेला माणूस, दुसरं काय होणार? गळ्यातली टेप फक्त आंघोळीपुरती उतरायची. त्या टेपनं अख्ख्या बाजाराचं माप काढलं होतं, एका माणसाचं सोडून. शिंप्याचं माप कोण घेणार हो? त्यांचे कपडे बायको शिवायची. पँटच्या आत चौतीस नंबरची पट्टी लावायची, आणि त्या पट्टीच्या भरवशावर मास्तर लग्नात होते तसे चौतीस राहिले होते. आरशासमोर उभं राहायचं ते गिऱ्हाइकानं. मास्तर कायम त्याच्या पाठीमागे, तोंडात टाचण्या धरून.

तर असा हा माणूस एका सकाळी "बटणं घेऊन येतो" म्हणून दुकानातून निघाला आणि थेट दातांच्या डॉक्टरांच्या घरी गेला, गाडी बघायला.

गाडी साधीसुधी नव्हती. लांबून निळी, चार दारांची, डिकीवाली, अगदी संसारी दिसायची. पण मूळची खडीच्या रस्त्यांवर रॅलीत पळायला बनवलेली. बॉनेटवर हवा ओढायला नाकपुडी, मागे पंख, इंजिनाला जोर वाढवणारा टर्बो. आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा, म्हणजे गाडी उलटली तरी माणूस शाबूत. डॉक्टर हौस म्हणून शर्यतीत उतरायचे. रोज लोकांच्या जबड्यात वाकून वाकून आता त्यांची मान गेली होती, म्हणून गाडी विकायला काढली.

मास्तरांना ती कशाला हवी होती, हेही ऐका. एकोणीस वर्षांचे असताना एका रॅलीच्या तळावर ते सीटचे तुटलेले पट्टे शिवायला गेले होते. दिवसभर शिवले. निघताना तिथला म्होरक्या म्हणाला, "हात चांगला आहे तुझा. चल आमच्याबरोबर. उद्या सकाळी सहाला ट्रक निघतो." घरी आल्यावर वडील म्हणाले, "आणि इथल्या ऑर्डरी कोण पुऱ्या करणार, मी?" सहाला ट्रक गेला. मास्तर मशीनवर बसले, ते बसलेलेच. पुढे वडील गेले, लग्न झालं, दुकान वाढलं, आणि हे सगळं कुणीतरी ठरवलं आणि मास्तरांनी निभावलं. आता पन्नाशी आली होती. एक गोष्ट, फक्त एक, कुणाला न विचारता करायची, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. बायकोला तर मुळीच विचारायचं नव्हतं. ती नको म्हणणार, याची त्यांना पक्की खात्री होती.

"बाराला दुसरा माणूस बघायला येतोय," डॉक्टर म्हणाले. "पण आधी तुम्ही बसून बघा, मास्तर. सीट जरा... म्हणजे माझ्या अंगाची आहे."

सीट म्हणजे बादलीच. मागेपुढे सरकायची सोय नाही, दोन्ही बाजूंना मांड्या आवळणारे कडक फोमचे कठडे. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, सीटला लावली. साडेपंधरा इंच.

"चौतीसला पुष्कळ झाली," ते म्हणाले.

डॉक्टरांनी मास्तरांकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं. "बघा हं. मला वाटतं, जरा—"

"अहो डॉक्टर, मी तुम्हाला दातांबद्दल शिकवतो का?"

डॉक्टरांनी दार उघडून धरलं. शिंप्यापुढे मापाची गोष्ट काय बोलणार? मास्तरांनी पिंजऱ्याच्या नळीवरून एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि अंग खाली सोडलं. सीटनं कर्र केलं. मास्तर अर्ध्यावर थांबले, श्वास सोडला, दोन्ही हातांनी नळी धरून स्वतःला खाली दाबलं आणि बसले. घट्ट वाटलं. पण रॅलीची गाडी घट्टच असणार, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

मग गाडी निघाली. शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्याला लागल्यावर डॉक्टर शेजारून म्हणाले, "आता दाबा." मास्तरांनी दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग पाठीत कुणीतरी दोन्ही हातांनी ढकलावं तशी गाडी सुटली. झाडं, खांब, भिंती, सगळं मागे पळालं. मास्तर ओरडले. काय ओरडले ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला हात काही स्टेअरिंगवरून निघेना. वळणावर अंग तसूभर हललं नाही, सीटनं असं धरून ठेवलं होतं. "वा रे वा!" ते म्हणत होते. "वा रे वा! आणि मी बटणांची काजं करत बसलो!"

परत अंगणात आल्यावर ते चावी फिरवायला गेले तसा डॉक्टरांनी हात धरला. "लगेच बंद नाही करायची. टर्बो तापलेला असतो. दोन मिनिटं चालू राहू द्या, मग बंद." त्या दोन मिनिटांत मास्तरांनी गाडी घेतली. डॉक्टरांनी कागद खिडकीतून आत दिले, मास्तरांनी ते स्टेअरिंगवर ठेवून तीन ठिकाणी सह्या ठोकल्या. डॉक्टरांनी फोन करून बारावाल्याला नको म्हणून कळवलं. इंजिन बंद झालं. मास्तरांनी पट्टे सोडले, नळी धरली आणि उठले.

म्हणजे उठायला गेले. उठले नाहीत.

पुन्हा जोर लावला. डाव्या कुशीवर वळले, उजव्या कुशीवर वळले. डॉक्टरांनी काखेत हात घालून ओढलं, तर त्यांचीच मान लचकली आणि ते आई गं म्हणत पायरीवर जाऊन बसले. सीट सोडवायची तर तिचे बोल्ट खाली, मास्तरांच्या बुडाखाली.

"तुमच्या मेकॅनिकला बोलवा," मास्तर म्हणाले.

"त्याची आज सुट्टी."

"मग मी काय उद्यापर्यंत इथंच?"

डॉक्टरांनी पाणी आणून दिलं. ते पिऊ नये हे मास्तरांना प्यायल्यावर सुचलं. ऊन काचेतून थेट मांडीवर आलं. पाय बधिर व्हायला लागले. पिंजऱ्याची एक नळी छातीसमोर, एक डोक्यावर, एक कानाजवळ. श्वास पुरा घेतला की कठडे बरगड्यांना लागायचे, म्हणून ते अर्धा अर्धा घेऊ लागले. मघाशी याच सीटवर आपण ओरडत होतो, हे त्यांना खरं वाटेना.

तेवढ्यात फोन वाजला. फोन त्यांच्या कोटात आणि गाडीत बसताना काढलेला कोट अंगणातल्या दोरीवर. "घेऊ नका!" मास्तर ओरडले, पण डॉक्टरांनी सवयीनं घेतला. "हो वहिनी... नाही, बटणं नाहीत... इथं माझ्याच घरी आहेत. म्हणजे, बसलेत. म्हणजे, निघत नाहीयेत."

वीस मिनिटांत स्कूटर फाटकातून आत आली. मास्तरांच्या बायकोनं भर दिवसा दुकानाचं शटर ओढलं होतं. असं आजवर फक्त सासऱ्यांच्या अंत्यविधीला झालं होतं. तिनं गाडी पाहिली, नवऱ्याला पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला. हसली की रडली ते मास्तरांना कळलं नाही.

"हसू नकोस. सीटच चुकीची आहे. साडेपंधरा म्हणे! चौतीसचा माणूस मावत नाही म्हणजे काय?"

"अहो," ती पिशवीतून कात्री काढत म्हणाली, "तुम्ही बेचाळीस आहात."

"काय?"

"बेचाळीस. मागच्या वर्षी एक्केचाळीस होतात."

"अगं, पट्टी आहे आत! चौतीसची!"

"पट्टी मीच लावते ना." ती वाकून सीटच्या कठड्याची शिवण उसवू लागली. हात भराभर चालत होता, डोळे वर नव्हते. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तुमची एक पँट घट्ट झाली होती. आठवतं? दोन दिवस बोलला नाहीत. म्हणालात, या दुकानानं मला बसवून बसवून संपवलं, मी जातो निघून. बॅग पण भरली होती. मी घाबरले. मग परत कधी घट्ट होऊच दिली नाही. दर पँट बोटभर मोठी कापायची आणि आत तीच पट्टी."

 राग आला म्हणावं तर कुणाचा? पंचवीस वर्षं कुणी मारलं नाही, कोंडलं नाही, दार लावलं नाही. बोटभर, बोटभर, सैल.

"मला कळूच दिलं नाहीस तू," ते अखेर म्हणाले.

"कळून काय केलं असतंत?"

"गेलो असतो!"

"म्हणूनच," ती म्हणाली आणि कठड्यातला फोम ओढून काढला. मास्तर एकदम मोकळे झाले, इतके की बाहेर येताना नळीवर डोकं आपटलं. उतरल्यावर पाय धरेनात. डॉक्टरांच्या पायरीवर ते मांड्या चोळत बसले.

"मला नको ही गाडी," ते म्हणाले.

"सह्या झाल्यात," डॉक्टर मान धरून म्हणाले. "आणि बारावाल्याला मी नको म्हटलं."

"नको कशाला?" बायको म्हणाली. "हौसेनं घेतलीत ना? विचारलं असतंत तर मीच आले असते बरोबर." मास्तरांनी मान खाली घातली. नको म्हणेल, नको म्हणेल, असं ज्या बाईबद्दल ते इतकी वर्षं समजत होते, तिला त्यांनी कधी काही विचारलंच नव्हतं.

तिनं फोम परत कोंबला, वरून चार धावदोरे घातले. मग प्रश्न आला, गाडी घरी न्यायची कुणी? डॉक्टरांची मान वळत नव्हती. मास्तर काही परत त्या सीटवर बसणार नव्हते.

"मी नेते," ती म्हणाली. दुकानाची व्हॅन तीच चालवायची, कापडाचे तागे तीच आणायची. तिनं पदर खोचला, नळीवरून पाय टाकला आणि बसली. सीट तिला मापून केल्यासारखी बसली. मास्तरांना आकडा लगेच दिसला. लग्नात होता तोच. बायकोचंही माप आपण लग्नानंतर आज पहिल्यांदा बघतोय, हे त्यांच्या लक्षात आलं आणि लाज वाटली.

मास्तर स्कूटरवरून मागे निघाले. दुकानाकडे जायला चौकात डावीकडे वळायचं. निळी गाडी चौकापर्यंत शहाण्यासारखी गेली. तिथं थांबली. मागचे दिवे लाल झाले, मग विझले, आणि गाडी वळली नाही. सरळ गेली. आधी हळू, मग तो आवाज आला, पाठीत ढकलल्यासारखा, आणि बघता बघता रस्त्यावर काही उरलं नाही.

मास्तर चौकात उभे राहिले. मागून लोक हॉर्न वाजवत होते. ती येईल की नाही, हे त्यांना खरोखर माहीत नव्हतं. ते दुकानात गेले, शटर उघडलं, स्टुलावर बसले. समोर तिचं मशीन होतं, शेजारी तिचं स्टूल. त्यालाही तीस नसली तरी पंचवीस वर्षं झाली होती. तिच्यासाठी कुणी बोटभर सैल केलं, तिची बॅग कुणी पाहिली, असलं काहीबाही त्यांच्या मनात येत राहिलं आणि मशीनला पाय लागेना.

तासाभरानं ती आली. केस सुटलेले, गाल लाल, पदर अजून खोचलेला. चावी तिनं टेबलावर ठेवली, पण तिच्यावरचा हात काढला नाही.

"वळायचं राहूनच गेलं," ती म्हणाली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "सोमवारी सीट उसवते. बेचाळीसला बसेल अशी करून देते तुम्हाला. हवी होती ना तुम्हाला?"

हवी होती. जन्मात एवढी एकच गोष्ट हवी होती. मास्तरांनी तिच्या हाताकडे पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "आहे तशीच पक्की शिव, तुला बसते."

तिनं चावी उचलून पदराच्या गाठीत बांधली. मास्तरांनी एका वकिलांचा शिवायला आलेला कोट पुढे ओढला आणि काजं करायला घेतली.