नानाजीच्या कानाची मशीन

बाप मरून सहा दिवस झाले तरी जगदेवच्या तोंडून शब्द फुटेना, याचा सोजरबाईला फार राग आला होता. आसेगावातले लोक जयभीम करून ओसरीत बसत, बाया हुंदके देत, आणि हा तीस वर्षांचा बाप्या मागच्या खोलीत आपल्या गिटारीजवळ भिंतीकडे तोंड करून बसलेला. "बाप मेला का ल्योक मुका झाला?" ती आल्यागेल्यासमोर फटकारायची.

जगदेव गायन पार्टीत बिजलीची गिटार वाजवायचा. सिनेमातल्यासारखा फाटका, गुरगुरता आवाज काढायला त्यानं पत्र्याच्या डब्यात एक पेटी बनवली होती, पायानं दाबायची. पण रेडिओच्या आत आवाज वाढवणारे जे बारीक ट्रान्झिस्टर असतात, ते नवे घातले तर ती बोलेना. तिला जुने, जर्मेनियमचेच पाहिजेत, आणि ते तर बाजारातून उठलेले. वाशिम झालं, अकोला झालं, मोडक्या रेडिओंसाठी पार धनजपर्यंत सायकल मारून झाली. "घरात भाकरी कमी अन् रेडिओचे मुडदे जास्त," सोजरबाई म्हणायची.

तिचा नवरा नानाजी रेल्वेत गँगमन होता. कान गेले तेव्हा रेल्वेच्या डॉक्टरनं त्याला ऐकायची, जुन्या बनावटीची मशीन दिली. सदऱ्याच्या खिशात डबी, तिथून कानात वायर. त्याआधी गावात कुठं विहिरीला सुरुंग लावायचा असला, तर कोणीतरी नानाजीला हाताला धरून लांब नेऊन बसवी. मशीन आली आणि ती रीत सुटली.

त्या मंगळवारी शेजारच्या वावरात मदनसिंगानं विहिरीत सुरुंग पेटवला. नानाजी बांधावर गवत कापत होता. दगड थेट कानशिलात बसला.

मदनसिंगानं आरोळीच दिली नाही, असं गाव म्हणालं. सोजरबाईनं ठाण्यात अंगठा दिला आणि मदनसिंग आत गेला.

सहाव्या दिवशी त्याची बायको हिरीबाई दारात येऊन उभी राहिली.

"सोजरमाय, तीन डाव वरडले ते. 'बार हाये, बार!' म्या सोता आयकलं. नानाजीच्या कानात वायर दिसली, म्हनून वात पेटवली."

"आता जीभ लई चालून राह्यली तुही! माह्या मानसाले मशीन होती, बाई. भिंतीपल्याडची खुसपुस आयकू ये त्याले."

"मंग आरोळी काहून नाई आयकली?"

सोजरबाईनं हिरीबाईला हाकललं खरं, पण ती गेल्यावर नानाजीच्या कपड्यांच्या ट्रंकेतली मशीन बाहेर काढली. मशीनला दगडाचा ओरखडाही नव्हता. कानात घातली तर नुसतं गुर्रर्र. नवा सेल टाकला, तरी गुर्रर्र. मरायच्या आधी पंधरा दिवस नानाजी हेच सांगत होता आणि जगदेव म्हणत होता, "सेल उतरला असन, बाबा, आनतो."

तिनं विळ्याच्या टोकानं झाकण उचकटलं. आत सगळं बारीक, नेटकं काम. दोनच जागी डाग दिलेल्या कथलाचे जाडे ओबडधोबड थेंब, चिमणीच्या विष्ठेसारखे. असले थेंब ती कित्येक वर्षं जगदेवच्या खोलीतल्या जमिनीवरून खरवडत होती. सोजरबाईला अक्षर येत नव्हतं, पण पोराचा हात तिला ओळखू आला.

ती मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. "याच्यातलं काय काढलं?"

जगदेवनं मशीनकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "दोन जुने ट्रान्झिस्टर, पेटीसाठी. त्या जागी नवे टाकले होते, आई. मले वाटलं, चालतीन. कारंज्याचा प्रोग्राम झाला का जुने वापस लावनार होतो."

"बाबाले सांगतलं?"

"नाई."

"आन् मदनसिंगाले नेलं तवा?"

जगदेवनं पायपेटी उचलली. "फोडून टाकतो हे."

"ठेव खाली. पत्र्यानं काय केलं?" सोजरबाईनं पदर कमरेला खोचला. तिचा आवाज चढला नाही, आणि त्याचीच जगदेवला भीती वाटली.

"आयक. तू चोर असता तं बरं होतं. आपन काय नेलं हे चोराले तरी समजते. तू बापाचे कान नेले आन् वायर तशीच लोंबत ठेवली, लोकायले दिसाले. सा दिवस दुसरीचा नवरा तुह्या जागी बसला, आन् तू भिंत पाहत राह्यला. माहा अंगठा खोटा पडला, ते मी ठान्यात सांगीन. तुहं तू सांगशीन, हिरीबाईच्या समोर, उभ्यानं. तोवर मले आई म्हनू नोको."