बॉयलरवाला वर बसला

इराणातल्या हमदानच्या थंडीत घर तापवणारा बॉयलर गळायला लागावा आणि त्याच दिवशी पोरीला मागणी घालायला माणसं यावीत, याला काय म्हणायचं? बेहजतखानमनं बॉयलर बंद केला, गळतीखाली भाताचं रिकामं पातेलं ठेवलं आणि मिस्त्रीला फोन केला. "बर्फ फार आहे खानम, त्यात दुसरीकडचं काम घेतलंय, आज काही जमेलसं दिसत नाही," तो म्हणाला. "मर मेल्या!" बेहजतखानम म्हणाली, पण फोन ठेवल्यावर.

तिला खरा घोर वेगळाच होता. लेकीचं, माहनूशचं, दंतवैद्यकीचं शिक्षण अजून पुरं व्हायचं होतं आणि आधीची दोन स्थळं त्यावरच मोडली होती. हा मुलगा तर माहनूशच्या मनातला. पण त्याच्या आईला, तूबाखानमला, लग्न वसंतातच हवं होतं आणि सून लगेच आपल्याकडे, पार दक्षिणेला बंदर अब्बासला. बेहजतखानम विधवा. चार शब्द ठणकावून सांगणारा भाऊ घाटात बर्फात अडकलेला.

बेल वाजली. दारात तूबाखानम, तिचा नवरा, फुलं घेतलेला मुलगा आणि ओव्हरकोटातले एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ. "आधी तुम्ही." "छे छे, आधी तुम्ही!" करता करता सगळ्यांनी दाढीवाल्यांनाच पुढे घातलं. त्यांनी आपली जड बॅग बुटांशेजारी ठेवली आणि दाराजवळच टेकले.

"अगंबाई, तिथं काय बसताय आगा! वर बसा, वर, मानाच्या जागी!"

"नको हो खानम. मला आपलं स्वयंपाकघर दाखवा."

"पाहुण्याला स्वयंपाकघरात? आमची अब्रू घालवता का!"

ते नको नको म्हणत राहिले आणि जितकं नको म्हणाले तितके ते तिला जास्त खानदानी वाटले. मुलाकडचे थोरले चुलते असणार. तूबाखानमला वाटलं, हा मुलीचा मामा. आता, तुम्ही कोण, असं कुणी विचारतं का? आपल्यात तसली रीत नाही. दाढीवाले तिसऱ्यांदा तोंड उघडणार तोच कुणीतरी हातात चहा दिला.

घर इतकं गारठलं होतं की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. "काय उबदार घर आहे हो तुमचं!" तूबाखानम कोट आवळून म्हणाली. आतून टप टप ऐकू येत होतं आणि सगळे ते न ऐकल्यासारखं करत होते.

मग विषय निघाला आणि अडलाच. वसंत की शिक्षण? दोघी बायका गोड बोलून हटेनात. शेवटी दोन्हीकडून एकदमच आलं, "आगा, तुम्हीच सांगा!"

दाढीवाल्यांचा कान अजून स्वयंपाकघराकडेच होता. "मी काय सांगणार?" ते म्हणाले. "पण हाती घेतलेलं अर्धवट सोडून उठू नये. पोरीला शिकू द्या. लग्न काय पळून जातंय?"

तूबाखानमच्या नवऱ्यानं छातीवर हात ठेवला. मुलीच्या मामाचा शब्द, तोही त्याच्या बहिणीच्याच घरात, मोडायचा कसा? इकडे बेहजतखानमला रडूच फुटायचं राहिलं. त्यांचाच माणूस माझ्या बाजूनं बोलला! मिठाई फिरली, तोंडं गोड झाली, ठरलं.

तेवढ्यात दाढीवाले हळूच आत सटकले. बेहजतखानम मागोमाग गेली तर ते बॉयलरखाली वाकलेले.

"खानम, मीच तो मिस्त्री! दुसरीकडचं काम रद्द झालं म्हणून आलो. मघापासून सांगतोय, तुम्ही ऐकाल तर ना!"

तिनं त्यांची बाही धरली. "या खुदा! हात लावू नका त्याला!"

"अहो, गळतंय!"

"गळू दे! बाहेर कळलं तर दिलेला शब्द फिरवतील. माझ्या पोरीचं शिक्षण जाईल हो. पाया पडते, वर जाऊन बसा."

बिचारा वर जाऊन बसला.

पाहुणे निघाले तेव्हा तिनं सुटकेचा श्वास सोडला. पण तूबाखानमचा नवरा दारात थबकला. "आगा, एवढ्या बर्फात तुम्ही घरी कसे जाल? गाडी आहे, सोडतो."

"नको नको, मला इथं अजून..."

"आता आढेवेढे नकोत! आता आपण नातेवाईक!" त्यानं त्यांच्या दंडाला धरलंच. होणाऱ्या जावयानं ती जड बॅग मोठ्या अदबीनं खांद्यावर घेतली. मिस्त्रीनं मागं वळून पाहिलं. बेहजतखानम हसत हात हलवत राहिली, दुसरं करणार काय!

दार लागलं. पातेलं भरून पाणी गालिच्यापर्यंत आलं होतं. माहनूश दोन स्वेटर चढवून फरशी पुसायला बसली.

"आई, तो मिस्त्री कधी यायचाय गं?"

"लग्नाला," बेहजतखानम म्हणाली आणि तिनं दुसरं फडकं घेतलं.