बंपरचा वाकडा जोड

चढावर ट्रक पुन्हा तापला आणि सुनेचा उजवा हात भाजला. घाईत रेडिएटरचं झाकण उघडलं, असं तिने सांगितलं. म्हातारा फिटर सासरा तिच्या पट्टीकडे बघत राहिला. चूक कोणाची, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

अडकलेल्या गाड्या ओढून काढायचं विंच त्यानेच ट्रकच्या तोंडावर बसवलं होतं, बंपरच्या वर, थेट जाळीसमोर. रेडिएटरला वारा लागणार कुठून? नाक दाबून पळ म्हटल्यासारखंच झालं. नवशिक्यानेही विंच खाली घेतलं असतं. पण त्यासाठी बंपर मधोमध कापावा लागला असता, आणि तो बंपर त्याच्या मुलाने वारण्याच्या महिनाभर आधी स्वतःच्या हाताने जोडला होता. जोड वाकडा. "तुझ्या अक्षरासारखाच आहे," एवढंच बाप तेव्हा म्हणाला होता. शाबासकीला तोंड उघडलं नाही, आणि नंतर ऐकायला पोरगाच उरला नाही.

म्हणून महाशयांनी महिनाभर साप सोडून भुई धोपटली. पाण्याचा पंप बदलला, पंख्याचा पट्टा बदलला, थर्मोस्टॅट काढून फेकला. वर सुनेलाच सुनावलं, "ॲक्सिलरेटरवर तुझा पाय जड आहे." ती बिचारी पाण्याचे कॅन घेऊन चढ चढत राहिली. आता त्याला स्वतःची लाज वाटली.

"विंच खाली घेतो," तो म्हणाला. "बंपर कापावा लागेल."

"माहितीये, बाबा."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मला काय डोळे नाहीत?"

"मग बोलली का नाहीस, पोरी? हात जायची पाळी आली!"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले." तिने डावा हात त्या वाकड्या जोडावर ठेवला. "माझ्याच्यानं 'कापा' म्हणवत नव्हतं."

त्याने गॅस-कटर पेटवला. जोड वाचवायची फार खटपट केली, पण विंचची जागा नेमकी तीच होती. जोडासकट तुकडा खणकन फरशीवर पडला.

पट्टी सुटल्यावर दोघं त्याच चढावर गेले. सून चालवत होती, म्हातारा तापमानाच्या सुईवर नजर लावून बसला होता. सुई अर्ध्यावर आली आणि तिथेच राहिली.

"नाही तापला, बाबा," माथ्यावर ती म्हणाली.

त्याने मान हलवली. मांडीवर फडक्यात तो तुकडा होता. एवढ्या जोरात आपटला, तरी जोड सुटला नव्हता. त्यावरून अंगठा फिरवत तो म्हणाला, "पक्का जोडला होतास रे."