दहा मिनिटांत अकरा जांभया

मी जांभया देण्याची नोकरी करते. हसू नका. पक्की नोकरी आहे, आणि नुसतं तोंड उघडलं की काम झालं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा दिवसाला दीडशे जांभया देऊन दाखवाव्यात. संध्याकाळी जबडा असा ठणकतो की घरी जाऊन भांडायचीही सोय राहत नाही.

आमची प्रयोगशाळा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत मॅडम आणि त्यांची यंत्रं, दुसरीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि मी. समोर माणूस येऊन बसतो. त्याच्या जबड्याला दोन वायरी चिकटवायच्या आणि दहा मिनिटं, दर मिनिटाला एक, अशी जांभई द्यायची. बोलायचं नाही. माझं बघून त्याला किती जांभया लागल्या ते यंत्र मोजतं. मॅडमचं म्हणणं असं, की अनोळखी माणसाची जांभई कमी लागते आणि जवळच्याची जास्त. सगळे शास्त्रज्ञ हे मानत नाहीत. मॅडम त्या शास्त्रज्ञांना मानत नाहीत. इमारतीत सगळे मला जांभईबाई म्हणतात. म्हणोत बापडे.

गेल्या महिन्यापासून बस डेपो आमच्याकडे ड्रायव्हर पाठवायला लागला. अनोळखी जांभई ज्याला चारपेक्षा जास्त वेळा लागेल, त्याची झोप पुरी होत नाही असं समजून डेपोला कळवायचं आणि डेपोने त्याची लांब पल्ल्याची गाडी काढून घ्यायची, असं ठरलं होतं. त्यामुळे ड्रायव्हर मंडळी दात आवळून बसायची.

मंगळवारी सकाळी सातवा ड्रायव्हर आत आला, तो माझा दादा निघाला.

दादा माझ्याशी सात वर्षं बोललेला नाही. कारण सांगते. बाबा गेले त्या दिवशी, माणसांनी भरलेल्या खोलीत, मी हसले. गालात नव्हे, चांगली खदाखदा, पोट धरून. कोणी विनोद केला नव्हता. मला रडायचं होतं हो, पण आतून जे बाहेर आलं ते हे. मावशीने माझ्या तोंडावर हात दाबून मला बाहेर नेलं. दादा मागोमाग दारात आला आणि एवढंच म्हणाला, "आजपासून तू मला मेलीस." मी तीन पत्रं लिहिली. तिन्ही न उघडता परत आली. आई त्याच्याकडे असते. तो ड्यूटीवर असला की मी तिला भेटून येते, त्यामुळे बसचं वेळापत्रक मला तोंडपाठ आहे.

दादाने मला पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि बसला. नोकरीचा प्रश्न होता. फॉर्मवर एक रकाना असतो, 'समोरच्या व्यक्तीशी नातं'. त्यात त्याने 'काही नाही' लिहिलं आणि खाली रेघ मारली. मी मॅडमना लगेच सांगायला हवं होतं, तसा नियमच आहे. पण त्याच्या मनाविरुद्ध त्याची बहीण व्हायची मला लाज वाटली.

मी पहिली जांभई दिली. दादा छताकडे बघत बसला. त्याचे कानावरचे केस पांढरे झाले होते आणि ते मला कोणी सांगितलं नव्हतं. दुसरीला त्याने जबडा आवळला. तिसरीला नाकपुड्या फुगल्या. डोळे फिरवता येतात, पण कान कुठे मिटता येतात? चौथीला त्याचं तोंड उघडलं आणि मग काही धरबंध राहिला नाही. लहानपणी शाळेच्या वेळेला आम्ही दोघं एका चादरीत गुरफटून असेच आळीपाळीने जांभया द्यायचो, आणि आई ओरडायची, "अरे, एकाने तरी दुकान बंद करा!" मी दिल्या दहा, त्याने दिल्या अकरा. शेवटी दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. जांभईने येतंच, त्यात विशेष काही नाही.

मॅडम कागद घेऊन आल्या. "अकरा? अनोळखी माणसाच्या अकरा? एक तर तुम्ही रात्रभर जागता, नाही तर हा फॉर्म चुकलाय. मला डेपोला कळवावं लागेल."

"आठ तास झोपून आलोय," दादा म्हणाला. "आणि काही झालं तरी जांभई द्यायची नाही, असं ठरवून बसलो होतो."

"ठरवून काय होतंय? शरीर कुठे आपलं ऐकतं!"

"म्हणजे माणसाच्या हातात नसतं ते?"

"नसतं."

दादाने जबड्यावरची वायर काढली आणि बोटाला गुंडाळत राहिला. "आणि हसणं?"

मॅडमना कोणी काही विचारलं की फार आनंद होतो. "तेही नसतं. दुःख झेपेनासं झालं की मेंदू कधी कधी भलतंच करून बसतो. रडू यायचं तिथे हसू फुटतं. लोक म्हणतात, काय निर्दय माणूस आहे. आणि तो बिचारा आतून पार मोडलेला असतो."

मी टेबलाकडे बघत होते. टेबलाच्या कोपऱ्याचा टवका उडाला आहे. पाच वर्षं तिथे बसते, पण तो इतका नीट कधी पाहिला नव्हता.

दादाने फॉर्म परत मागितला. 'काही नाही' खोडलं. आणि वर लिहिलं, 'धाकटी बहीण'.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "अहो, मग सांगितलं का नाहीत मला?"

सांगायला म्हणून मी तोंड उघडलं आणि हसू फुटलं. तेच हसू. खदाखदा, पोट धरून, खुर्ची करकरेपर्यंत. थांबवता येईना. मला दादाची इतकी भीती वाटली की विचारू नका.

"यात हसण्यासारखं काय आहे?" मॅडम म्हणाल्या.

दादा उठला. टेबलाला वळसा घालून आला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"हसत नाहीये ती," तो म्हणाला. "आमचे बाबा गेले, त्याचं रडतेय. राहून गेलं होतं तिचं."