अर्धी राहिलेली वरात

आधीच सांगून टाकतो, मी शांत माणूस नाही. वीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवलंय. छातीतली सगळी हवा पितळी नळीत कोंबायची आणि वर चेहरा हसरा ठेवायचा, असल्या धंद्यात शांत माणूस टिकतच नाही. त्यामुळे यंदा आमचे पाळक म्हणाले, "वाल्मीकदादा, नाताळच्या फेरीत तुम्ही कॉर्नेट वाजवा," तेव्हा मी चर्चच्या अंगणातच उडी मारली. पन्नाशीच्या माणसानं! बायको म्हणाली, "गुडघे सांभाळा."

फेरी म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यात आम्ही पंधरा-वीस जण गिटार, ढोलकी घेऊन नाशिक रोडच्या घराघरांत जातो. दोन गाणी, शास्त्रातलं एक वचन, कुणाची तरी साक्ष, प्रार्थना, मग चहा आणि करंजी, की पुढचं घर. साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत सांगायचं. तेही काम यंदा माझ्याचकडे होतं. चर्चच्या कमिटीतले दोघं मात्र नाराज होते. "ह्याच्याबद्दल एक जरी तक्रार आली, तरी कॉर्नेट पेटीत," असं त्यांनी बजावलं होतं. माझ्या मुलाच्या वयाच्या अश्विन पाळकांनीच माझ्यासाठी शब्द टाकला होता.

साक्ष मी घोटून पाठ केली होती. "मी पापी होतो, प्रभूनं मला चिखलातून बाहेर काढलं." चिखल कुठला, त्यात आणखी कोण कोण बरबटलं, त्याचं नावच नाही. पहिल्या तीन घरांत ती मी ठोकून दिली. तिन्ही घरांत बायकांनी डोळे पुसले. मी हवेत!

चौथं घर ख्रिस्ती नव्हतं. गाणी ऐकून दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी, "आमच्याकडं पण या," म्हणून निरोप पाठवला होता. दार उघडलं आणि मी ढोलकीवाल्याच्या मागं सरकलो. चतुराबाई!

सहा वर्षांपूर्वी ह्या बाईंच्या एकुलत्या एका मुलाच्या, रविराजच्या, वरातीत मी दुपारपासून प्यालेलो होतो. ऐन चौकात कॉर्नेटसकट घोडीच्या पायांपुढे आडवा झालो. घोडी बिथरली, नवरदेव खाली पडला आणि त्याचा हात मोडला. वरात तिथंच मोडली. तो रिक्षानं दवाखान्यात गेला आणि तिथून प्लास्टर घालून मांडवात. आणि मी? मी पळून गेलो. माफी मागायलासुद्धा कधी फिरकलो नाही.

त्या लग्नाचा फोटो समोरच्या भिंतीवर होता. नवरदेव, नवरी आणि गळ्यात अडकवलेला पांढराशुभ्र हात.

पोरांनी मला लाल टोपी घातली होती, ती मी भुवयांपर्यंत खाली ओढली. बाईंनी ओळखलं नाही. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. पाळक म्हणाले, "आता वाल्मीकदादा साक्ष देतील."

तेवढ्यात आतल्या खोलीतून रविराज आला आणि दाराला टेकून उभा राहिला. पाच फुटांवरून वास आला. तो वास मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

मी सुरू केलं, "मी पापी होतो, प्रभूनं मला..."

"सगळे असंच म्हणतात," रविराज हसला आणि आत जायला वळला.

खरं सांगू? मला भयंकर राग आला. त्याचा नाही, माझाच. पाठ केलेलं पुढं म्हटलं असतं तर कॉर्नेट माझंच राहणार होतं आणि हा पोरगा परत बाटलीकडे जाणार होता. मी टोपी काढली.

"मावशी, त्या फोटोतला हात माझ्यामुळं मोडला."

चतुराबाई उभ्याच राहिल्या. "तू? तो बँडवाला? अरे, माझ्या पोराच्या लग्नाचं वाटोळं केलंस! लोक अजून हसत्यात! आन् आता देवाचं नाव घेऊन माझ्याच घरात बसतोस? लाज नाय वाटत?"

"वाटते, मावशी. म्हणूनच सहा वर्षं आलो नाही. माफ करा."

रविराज परत फिरला होता. "आई, थांब जरा. मास्तर, सुटली का तुमची?"

"चौदा महिने झाले."

"प्रार्थना केली आणि सुटली?"

पाळक माझ्याकडे मोठ्या आशेनं बघत होते. "नाही," मी म्हणालो. "बाप्तिस्म्यानंतर दोनदा परत प्यालो. दुसऱ्या वेळचं तर पाळकसाहेबांनाही माहीत नाही."

गेलं माझं कॉर्नेट, म्हटलं.

"मग?" रविराज पुढे आला.

"मग परत येशूकडं गेलो. दुसरीकडं कुठं जाणार? त्यानं दार लावून घेतलं नव्हतं."

"मला वाटायचं, माणसानं आधी नीट व्हायचं आणि मग देवाकडं जायचं."

"मी नीट होऊन जायचं ठरवलं असतं, तर अजून त्या चौकातच पडलेलो असतो."

रविराज खाली बसला. त्याचे डोळे भरून आले. चतुराबाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग माझ्या मांडीवरच्या कॉर्नेटकडे बोट केलं.

"शुद्धीत वाजवता येतं का हे?"

"येतं, मावशी."

"मग ती अर्धी राहिलेली वरात पुरी कर."

मी तोंडाला कॉर्नेट लावलं. वाजवायचं होतं नाताळचं गाणं, पण वीस वर्षांची सवय हो! बोटांनी त्याची वरातच करून टाकली. ढोलकीवाल्या मयूरनं डोळे मिचकावले आणि ठेका धरला. जिन्यातली दारं फटाफट उघडली. पोरं नाचायला लागली, आमच्या मंडळीतल्या आजीबाईसुद्धा! आम्ही तसेच वाजत-गाजत खाली उतरलो. माझ्या अंगावर काटा, डोळ्यांत पाणी, आणि फुंकर थांबवायची नाही!

पुढच्या इमारतीपाशी पाळकांनी मला गाठलं. "दुसऱ्या वेळचं मला सांगायला हवं होतं, दादा."

"भीती वाटली, साहेब. आता तक्रार गेली तर?"

"कोण करणार?" त्यांनी पुढच्या बाजूला हात केला. चतुराबाई सगळ्यांच्या पुढे चालत होत्या आणि रविराज त्यांचा हात धरून स्वतःच्या पायांवर.

पाचव्या घरात गाणी झाली आणि पाळकांनी पुन्हा माझंच नाव घेतलं. मी उठलो. मागून रविराज हळूच म्हणाला, "मास्तर, घोडीचं सांगा. आणि त्या दुसऱ्या वेळचंही."

मी सगळं सांगितलं.