जावयाने विझवलेली भट्टी

आमचे जावई बाहेरून आले की आधी मीटर बघतात, मग बायकोला. पायातले बूटसुद्धा काढत नाहीत. दाराशेजारी कपाट आहे, इथं त्याला प्रेस म्हणतात. त्यात विजेचं मीटर. ते उघडायचं, मोबाईलचा उजेड पाडायचा, आकडा बघून च्च करायचं आणि मग आत येऊन विचारायचं, "काय मुक्ता, बरी आहेस ना?" बायकोला आठवा महिना लागलेला आणि ह्यांचा जीव त्या मीटरच्या काट्यात. काटासुद्धा नाही हो त्याला, नुसते आकडे.

मी लेकीच्या बाळंतपणाला आले होते. कराडहून आयर्लंडातल्या लेटरकेनीला, दोन विमानं आणि वर चार तासांची बस. डिंक, आळीव, खारीक, सगळं बांधून आणलेलं. मुक्ता इथल्या दवाखान्यात डॉक्टर आहे. आशुतोषराव कंपनीचं काम घरात बसून करतात, सकाळी सातला पुण्याच्या लोकांशी बोलायचं असतं म्हणून रात्री साडेदहाला झोपतात. माणूस निर्व्यसनी, शांत. पण बोलताना असं बोलतात की समोरच्याला वाटावं, आपली परीक्षा चाललीय आणि आपण नापास होणार.

घर भाड्याचं. तीन खोल्यांत भिंतीला तीन हीटर, पांढऱ्या पत्र्याच्या बुटक्या पेट्या. सकाळी हात लावला तर कोमट, अकरा वाजले की गार. मग जावई पंख्याचा हीटर लावायचे, एक त्यांच्या कामाच्या खोलीत, एक माझ्यापाशी हॉलमध्ये. तो दिवसभर घुर्र करायचा. पाय भाजायचे आणि पाठ गारठायची. बंद केला की दहा मिनिटांत पहिल्यासारखं.

"हे हीटर जुने झालेत, आई," ते म्हणाले. "घरमालकाला दोनदा सांगितलं. तो म्हणतो, दे आर ग्रँड, म्हणजे उत्तम आहेत. इथं सगळंच ग्रँड असतं."

रात्री झोपायच्या आधी ते सगळ्या खोल्यांतून फिरायचे. टीव्ही, चार्जर, वायफाय आणि शेवटी त्या तीन हीटरची भिंतीवरची बटणं. खट, खट, खट. त्यांच्या वडिलांची कोथरूडातली सवय. सकाळी साडेसहाला उठून परत चालू. "झोपेत पांघरूण असतंच, हीटर कशाला," म्हणायचे. खरं सांगते, मला तेव्हा ते आवडलं होतं. आमच्या घरातही रात्री दिवा जळत राहिला तर मी शिव्या घातल्यात. दोन-तीन रात्री हॉलचं बटण मीच कौतुकानं बंद केलं.

मी येऊन बारा दिवस झाले आणि बिल आलं. ते त्यांनी मला दाखवलं. मी चौथी शिकलेली, पण आकडे वाचता येतात. दोन ओळी होत्या, दिवसाची वीज वेगळी, रात्रीची वेगळी. "बघा, रात्रीचे युनिट किती कमी आहेत," असं ते अभिमानानं म्हणाले. मग दिवसाच्या ओळीवर बोट ठेवून च्च केलं. दोन महिन्यांचे आठशे चाळीस युरो.

दुसऱ्या दिवशी जेवताना विषय निघाला.

"आई, तुम्हाला ही थंडी झेपत नाहीये. रात्री खोकता तुम्ही. मी बघितलं, महिनाअखेरीचं तिकीट मिळतंय. बाळ झाल्यावर उन्हाळ्यात या ना निवांत. इथं बाळंतपणाला नर्स घरी येते."

"आणि तुझा खर्च वाचतो," मुक्ता म्हणाली.

"मी खर्चाचं बोललो का?"

"आल्याबरोबर मीटर बघतोस, ते काय बाळाचं नाव शोधतोस त्यात?"

मी ताट उचललं आणि मोरीत, म्हणजे सिंकमध्ये, भांडी घासत उभी राहिले. मला थंडीचं काही नव्हतं. पण लेक पहिल्यांदाच आई होणार होती आणि तेव्हा मी कराडात फोन धरून बसायचं, हे मला पटणारं नव्हतं. नर्स येईल, बघेल, जाईल. पहाटे चारला बाळ रडलं की कोण उठणार? ज्यांना सातला पुण्याशी बोलायचंय ते?

त्या आठवड्यात जावयांना दोन रात्रींसाठी डब्लिनला जावं लागलं. जाताना दारात उभे राहून मला म्हणाले, "आई, झोपताना तिन्ही बटणं आठवणीनं बंद करा." मी बरं म्हटलं.

रात्री मुक्ताच्या पायांत गोळे आले. मी तेल कोमट करून तिच्या पोटऱ्या चोळत बसले. ती झोपली तशी मीही तिथंच आडवी झाले. दोन बटणं बंद केली होती, हॉलचं राहून गेलं.

सकाळी हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि दारातच थांबले. ती ऊब मला ओळखीची होती. पंख्याची नव्हे. पंख्याची ऊब अंगावर फुंकर मारते. ही नुसती उभी होती, सगळीकडून. मी पेटीवर हात ठेवला आणि पटकन काढला.

आता सांगते. आमची कराडात बेकरी होती. एकतीस वर्षं मी भट्टीपाशी काढली. आमच्यात लाकडं संध्याकाळी पेटवायची, तास दोन तास चांगली जाळायची, मग निखारे ओढून काढायचे आणि भट्टीचं तोंड लोखंडी झाकणानं बंद करायचं. आत जाळ नसतो. नुसत्या विटा तापलेल्या. त्या विटांवर पहाटेपर्यंत पाव, मग नानकटाई, मग खारी, शेवटी उरलेल्या धगीवर टोस्ट. एकदा नवा माणूस झाकण उघडं टाकून बिडी ओढायला गेला, तर पहाटेचे दीडशे पाव कच्चे निघाले होते. ती ऊब मला झोपेतही कळली असती.

मी पेटीवर बोटानं ठकठक केलं. पोकळ नाही, भरीव आवाज. खालून झाडू घालताना मी एकदा ती हलवून बघितली होती, तेव्हा जागची हलली नव्हती. तेव्हा वाटलं स्क्रूनं आवळलीय. आता वाटलं, हिच्या पोटात काहीतरी आहे.

दिवसभर मी पंखा लावला नाही. दुपारी चारपर्यंत हॉल उबदार होता. बाकीच्या दोन खोल्या दहालाच गार पडल्या होत्या. बटण बंद होतं त्या दोन.

खाली ब्रायडी राहते. सत्तरीची बाई, नवरा नाही, मुलगा गॉलवेला. तिचं इंग्रजी मला येत नाही आणि माझं मराठी तिला, त्यामुळे आमचं भांडण कधी होत नाही. मी नानकटाईचा डबा घेऊन खाली गेले. तिच्या घरात तशीच पेटी. मी पेटीकडं बोट केलं आणि खांदे उडवले. बाई हुशार. तिनं मला खिडकीशी नेलं, समोरच्या घराची विटांची भिंत दाखवली, मग पेटीच्या पोटावर थाप मारली. मग घड्याळ काढलं. अकरावर बोट ठेवलं, फिरवत फिरवत सकाळच्या आठवर आणलं आणि दोन बोटं चिमटीत धरून दाखवली, एवढेसेच पैसे. मग दिवसाच्या तासांवरून बोट फिरवलं आणि खिशावर हात मारून तोंड वाकडं केलं.

पेटीवर दोन गोल खटके होते. एकावर बोट ठेवून तिनं विटा तापताना दाखवल्या, हात वर वर नेत. दुसरा फिरवला तर वरच्या जाळीतून ऊन झोत यायला लागला. तो तिनं झोपायची खूण करून बंद केला. मी माझा ओला टॉवेल पेटीवर टाकल्याची खूण केली, चालेल का म्हणून. तिनं घाबरून दोन्ही हात हलवले. ठीक. भट्टीवर ओलं फडकं आम्हीही टाकत नव्हतो.

म्हणजे हे असं होतं. रात्री अकरा ते सकाळी आठ स्वस्त वीज, तेव्हा विटा तापवून घ्यायच्या. आमचे जावई साडेदहाला भट्टी विझवायचे आणि साडेसहाला पेटवायचे. नऊ तासांतला दीड तास मिळायचा बिचारीला. वर झाकण, म्हणजे तो दुसरा खटका, दिवसरात्र सताड उघडं, मोठ्या आकड्यावर. आणि जे वाचवलं ते दिवसा महागड्या विजेच्या पंख्यात घालायचं.

दुसऱ्या रात्री मी तिन्ही बटणं चालू ठेवली आणि तिन्ही झाकणं बंद केली. अकरा वाजता बटणावरचे लाल दिवे लागले. मी ते बघून मगच झोपले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जावई आले. बूट, प्रेस, मोबाईल. आणि तिथूनच ओरडले नाहीत, पण आवाज चढला.

"आई, दोन रात्रींत बेचाळीस युनिट? मी सांगून गेलो होतो."

"काल विसरले नाही. मुद्दाम ठेवली."

"मुद्दाम?"

"घरात या आधी. कोट काढा."

ते आत आले. कोट काढला, स्वेटर काढला, इकडंतिकडं बघितलं. "पंखा कुठाय?"

"माझ्या पलंगाखाली. दोन्ही."

मग त्यांचं भाषण सुरू झालं. आई, हा नुसता वापर वाढला, तुम्हाला दर माहीत नाही, हे असं नसतं. मुक्ता सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, कितीतरी दिवसांनी शालीशिवाय. मी त्यांना बोलू दिलं. संपल्यावर म्हटलं, "पंधरा दिवस घर माझ्या हातात द्या. बटण मी सांगेन तेव्हाच दाबायचं. पंधरा दिवसांचं बिल पहिल्यापेक्षा एक युरो जास्त निघालं, तर ते महिनाअखेरीचं तिकीट काढा. मी स्वतः बॅग भरते."

"आई," मुक्ता म्हणाली, "कशाला तिकिटावर घालतेस?"

"त्यांनी घातलंय, मी नाही."

जावयांनी हात पुढं केला, कंपनीत करतात तसा. मी पदराला हात पुसून मिळवला.

पहिले तीन दिवस माझे चुकले. सगळं जास्त तापवलं आणि दुपारी खिडकी उघडायची वेळ आली, म्हणजे पैसे बाहेरच फेकले. मला भट्टी कळत होती, इथलं आभाळ कळत नव्हतं. मग ब्रायडीला विचारायला लागले. समुद्राकडून ओला वारा असला की ती हात सपाट करून दाखवायची, थोडं तापव. आकाश स्वच्छ झालं की गळ्याला मफलर गुंडाळल्याचं करायची, पूर्ण तापव. मुक्ताच्या खोलीचा खटका मध्ये, कामाच्या खोलीचा कमी, कारण तिथं जावयांचा कॉम्प्युटरच खोली तापवतो. झाकण रात्री बंद, सकाळी बंद, दुपारी चारनंतर थोडं, मुक्ता दवाखान्यातून यायच्या वेळेला अर्धं. कुकर आणि कपड्यांचं मशीन सकाळी आठच्या आत. जावई सकाळी पुण्याशी बोलायचे आणि मागं माझ्या कुकरच्या शिट्ट्या. त्यांच्या साहेबांनी एकदा विचारलं म्हणे, आज काय, आमटी का.

रोज सकाळी दोन्ही आकडे मी पेन्सिलीनं दिनदर्शिकेवर लिहायची, दिवसाचा डाव्या बाजूला, रात्रीचा उजव्या.

पंधराव्या दिवशी रविवार होता. जावई लॅपटॉप घेऊन बसले, मी दिनदर्शिका पुढं सरकवली. त्यांनी आकडे घातले. परत घातले. चष्मा काढून पुसला.

"आधीचे पंधरा दिवस दोनशे अठ्ठावीस होते," ते म्हणाले.

"आणि आता?"

"एकशे सदतीस."

मुक्ता हसली नाही, फक्त पोटावर हात ठेवून बघत राहिली माझ्याकडं. तिला माहीत होतं, आता हसली तर मी रडेन.

जावई उठले, हीटरपाशी गेले आणि त्यावर तळहात ठेवून उभे राहिले. "आत विटा आहेत हे मला माहीतच नव्हतं," ते म्हणाले. "मी समजत होतो, रात्रीचे युनिट कमी म्हणजे आपण वाचवतोय." मग मोबाईल काढला आणि माझ्यासमोर ते महिनाअखेरीचं तिकीट बघितलेलं पान बंद केलं. "आई, तुम्ही एप्रिलपर्यंत राहायचं. मीच चुकलो. अजून काय करू सांगा."

मी पोळपाट पुसत होते. लाटणं खाली ठेवलं आणि त्यांच्याकडं वळले.

"आशुतोषराव," मी म्हटलं, "तुम्ही कंजूष नाही, आळशी नाही आणि माणूस म्हणून वाईट तर मुळीच नाही. पण भट्टी विझवून पाव कच्चा का म्हणून विचारणारा माणूस मी बेकरीत एक दिवससुद्धा ठेवला नसता. जावई आहात म्हणून ठेवून घेतलंय. आता बाळ होईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही, आणि घरात आलात की आधी बायकोकडं बघायचं. मीटर मी बघेन."