घटपर्णीचा उपास

काजलने कुंडी आडवी केली, बुडावर दोन थापा मारल्या आणि घटपर्णी मुळांसकट अलगद ओढून घेतली. पानांच्या टोकांना लोंबणारे हिरवे-तांबूस गडू हेलकावले. एकातले पाणी ओट्यावर सांडले, सोबत अर्धे झुरळही. तिच्या सासूबाईंनी, आनंदाबाईंनी, पदर नाकाला लावला. पण जागच्या हलल्या नाहीत.

याच झुरळापायी झाडाला हिंगणघाट सोडावे लागत होते. आनंदाबाईंच्या गळ्यात माळ. घरात अंडेही येत नसे. झाड माश्या खाते हे कळल्यावर त्यांनी तोडगा काढला होता: एकादशीला प्रत्येक गडूच्या तोंडात कापसाचा बोळा, द्वादशीला सुटका. कापसाला तालुक्यात तोटा नव्हता. पण या एकादशीला एक बोळा निसटला आणि झाडाने उपास मोडला. काजलचा भाऊ रोशन आज ते वडनेरला, तिच्या माहेरी नेणार होता. बोटाएवढे असल्यापासून काजलने ते वाढवले होते. नवऱ्याने, मुकेशने, या प्रकरणात तटस्थ राहायचे ठरवून दुकान लवकर उघडले होते.

काजल नव्या कुंडीत नारळाचा भुसा आणि वाळू भरू लागली.

"शेणखत नाई टाकत?" आनंदाबाईंनी विचारले.

"नाई आई. खतानं मुळं जळते याचे."

"बोअरचं पाणी?"

"पावसाचंच लागते."

"खत नाई, बोअरचं पाणी नाई, अन् मटण चालते. कोन्या घरचं हाय हे!"

काजल हसली नाही. भुसा बोटांनी दाबत राहिली.

"अन् खायले नाई भेटलं, तं मरते का?"

"मरत नाई. वाढत नाई फक्त. तसंच राह्यते."

लग्नात साबण लावून चढवलेली तिची बांगडी हात उचलताच कोपराकडे घसरली. आनंदाबाई तिकडे पाहत राहिल्या.

"तुह्या माहेरी मासे शिजते ना?"

"रविवारी. मले तं आता आठवत बी नाई."

आठवणीचे कोणी विचारले नव्हते.

रोशन आला. चहा झाला. त्याने कुंडी पिशवीत ठेवली, तेवढ्यात आनंदाबाई आतून काजलची बॅग घेऊन आल्या.

"इलेबी घेऊन जा."

"काऊन मावशी? काई झालं काय?"

"झाड आत्ताच हलवलं हाय. जवळ माहीतगार मानूस पाह्यजे."

फाटकाशी आल्यावर त्यांनी एकदा मागे, देवघराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला.

"अन् घाई करू नको. रविवार झाल्यावरच आनून सोडजो. दोघांलेबी."